आसनसंख्येचा रकाना

१ जुलै १९८९ रोजी देशात नवा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याला बरोबर ३४ वर्षं झाली त्या रात्री, १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी स्लीपर ट्रॅव्हल्स आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळच्या पिंपळखुटा शिवारात उलटली आणि पेटली. गाडीत ३३ माणसं होती. २५ गेली. बस डाव्या अंगावर पडली होती, आणि आपल्याकडे बसचं दार डावीकडेच असतं. जे आठ वाचले, त्यांतले काही काच फोडून बाहेर आले.

पुढे त्याच महिन्याच्या २९ तारखेला मलकापूरजवळ दोन ट्रॅव्हल्स समोरासमोर धडकल्या, सहा जण गेले. एका जिल्ह्यात, एका महिन्यात, दोन वेळा रात्रीच्या बस.

मी चिखलीचा. नोकरी पुण्यात, हिंजवडीत. आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या कुणालाही रात्रीची ट्रॅव्हल्स म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, आजोबांच्या काळापासून ती फक्त निवडणुकीत धावते. शुक्रवारी रात्री पुण्यातून निघायचं, शनिवारी सकाळी आईच्या हातचा चहा, रविवारी रात्री परत. मधली रात्र एका बर्थवर.

सिंदखेडराजाच्या बसमध्ये आतून कुणी बेकायदा बदल केले होते असा माझा दावा नाही. चालकाचं काय चुकलं हा पोलिसांचा आणि न्यायालयाचा विषय. मला त्या रात्रीनंतर वेगळाच प्रश्न पडला. गाडीच्या आत किती माणसं, कुठे आणि कशावर बसणार हे आपल्याकडे कोण ठरवतं? आणि गाडी जुनी झाल्यावर कुणी ती आसनं काढून दुसरी बसवली, तर कायदा काय म्हणतो? उत्तर शोधताना आरसी बुकातल्या एका लहानशा रकान्याचा इतिहास हाती लागला. त्या रकान्याचं नाव आसनसंख्या.

चासी कंपनीची, बॉडी गावची

मोटारींसाठी देशव्यापी कायदा पहिल्यांदा १९१४ मध्ये आला आणि १९३९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. तेव्हा बुलढाणा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. नोंदणीच्या कागदावरचा तपशील खोटा ठरेल असा बदल गाडीत केला तर तो सरकारला कळवायचा, हे तत्त्व १९३९ च्या कायद्यातच होतं. पण त्या काळी आसनसंख्येकडे सुरक्षेच्या नजरेने फारसं कुणी पाहत नव्हतं. तो आकडा लागायचा परवान्याला आणि कराला. आपल्या राज्यात प्रवासी गाड्यांचा कर आजही बऱ्याच अंशी आसनांच्या हिशेबाने आकारला जातो. म्हणजे सीट ही आधी महसुलाची वस्तू झाली, माणसाला धरून ठेवणारी वस्तू नंतर.

यामागे गाड्या बनण्याची आपली पद्धतही आहे. ट्रक-बसचा कारखाना फक्त चासी द्यायचा. इंजिन, चाकं, सांगाडा. वरची बॉडी, खिडक्या, दार, सीटा हे सगळं दुसरीकडे व्हायचं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती ३० आसनांची बेडफर्ड होती. बॉडी लाकडी, सीटा काथ्याच्या. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि नंतर आमच्याकडेही तीच एसटी आली. एसटीने दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथे स्वतःच्या कार्यशाळा उभ्या केल्या. तिथे नव्या चासीवर बॉडी चढतेच, शिवाय जुन्या बसची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून त्याच चासीवर पोलादी बॉडी बांधण्याचं कामही अलीकडच्या वर्षांत झालं. २०२० मध्ये कोरोनाने प्रवासी थांबले तेव्हा एसटीने जुन्या बसच्या सीटा काढून त्यांच्या मालगाड्या केल्या.

म्हणजे जुन्या गाडीची आसनं बदलणं यात मुळात काही पाप नाही. प्रश्न आहे तो कोण बदलतं, कुठल्या मापाने बदलतं आणि कागदावर काय लिहितं याचा.

खासगी बसच्या बाबतीत हे काम लहानमोठ्या बॉडी बिल्डरांकडे गेलं. वेल्डिंगवाला, पत्रावाला, कुशनवाला. त्यांच्या हातात कसब होतं, पण कसबाला मोजपट्टी फार उशिरा मिळाली.

नऊ अधिक एक

जिल्ह्यातल्या गावरस्त्यांवर आसनसंख्येची खरी परीक्षा काळी-पिवळीने घेतली. जीप किंवा ट्रॅक्स. पासिंग नऊ अधिक एक, म्हणजे नऊ प्रवासी आणि चालक. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावांना या गाड्यांनी बाजार, दवाखाना आणि कॉलेज जोडून दिलं, हे विसरून चालणार नाही. पण नऊ अधिक एकची गाडी नऊवर हललेली मी पाहिली नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकांच्या मध्ये एक फळी यायची. चालकाच्या उजव्या हातालाही एक माणूस बसायचा आणि चालक अर्धा दारात. “सरका ना भाऊ, एक सवारी बसू द्या,” हे वाक्य ऐकत आमची एक पिढी मोठी झाली.

ती फळी म्हणजे कायद्याच्या भाषेत आसनरचनेतला बदल. तिला बोल्ट नाही, पाठ नाही, पट्टा नाही. तपासणीच्या दिवशी ती घरी राहायची. काळी-पिवळीने आम्हाला एक सवय लावली: गाडीत माणूस मावला म्हणजे त्याला सीट मिळाली.

कलम ५२ चे तीन जन्म

१९८८ च्या कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. याच्या आवृत्त्या एकाखाली एक ठेवून वाचल्या की देशाचं मन कसं बदलत गेलं ते दिसतं. कोडच्या दोन आवृत्त्यांतला फरक पाहण्याची आम्हाला रोजची सवय, म्हणून हे वाचन मला आवडलं.

पहिली आवृत्ती मवाळ. आरसीतला तपशील चुकीचा ठरेल असा बदल करण्याआधी मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं आणि मंजुरी घ्यावी. अधिकाऱ्याने सात दिवसांत उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं समजावं! बदल झाल्यावर १४ दिवसांत तो आरसीत नोंदवून घ्यावा. पोस्टाच्या काळातला कायदा, मालकावर विश्वास टाकणारा.

दुसरी आवृत्ती २००० सालची, आणि तिचा सूर एकदम बदललेला. उत्पादकाने मुळात जे ठरवून दिलं त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करूच नये. आधी तुलना कागदाशी होती, आता ती कारखान्याच्या मूळ आराखड्याशी झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ पक्का केला.

तिसरी आवृत्ती २०१९ च्या दुरुस्तीची. तिने दोन दारं उघडली. कुठले बदल कसे करता येतील याचे मापदंड केंद्र सरकार ठरवू शकतं, आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घ्यायची असेल तर नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने ते करता येतं. ज्याला वळणारी सीट हवी आहे त्याला कायदा अडवत नाही. बाकीच्यांसाठी मात्र शिक्षा वाढली. नव्या कलम १८२-अ नुसार परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सुरक्षेच्या नियमांत न बसणारी गाडी विकणाऱ्या किंवा तशी बदलून देणाऱ्या डीलरला पूर्वी जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होता. आता एक वर्षापर्यंत कैद किंवा दर गाडीमागे एक लाख रुपये किंवा दोन्ही.

यात एक बारीक अक्षरातली गोष्ट आहे. गाडीत काय नियमबाह्य आहे हे विकतानाच समोरच्याला सांगितलं होतं, असं विक्रेत्याने सिद्ध केलं तर तो या शिक्षेतून सुटू शकतो. म्हणून जुनी गाडी घेताना समोर आलेला प्रत्येक कागद वाचून मगच सही करा.

वीस पट

कायदा एवढा कडक का झाला हे समजायला सीटकडे इंजिनीअरच्या नजरेने पाहावं लागतं.

गाडी ताशी ५० किलोमीटरने जाते आहे आणि धडकेत ती अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असं धरू. बारावीच्या भौतिकशास्त्राचं सूत्र लावलं तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २० पट येतं. त्या क्षणी ७० किलोचा माणूस सुमारे १,४०० किलोच्या जोराने पुढे झेपावतो. म्हणजे त्याच्या जागी एक आख्खी कार. तो जोर पट्ट्यातून, सीटच्या सांगाड्यातून, रुळांतून आणि शेवटी बोल्टमधून फरशीत उतरतो. बोल्टखाली जाड पट्टी आहे की नुसता पत्रा, यावर पुढचं सगळं अवलंबून.

योगायोग म्हणा, पण अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या सीटच्या मानकातही हाच आकडा आहे. सीट तिच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट ओढ सोसून जागेवर राहिली पाहिजे. आपल्याकडे ही मानकं पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेमार्फत निघतात. कारच्या सीट आणि त्यांच्या पकडीसाठी एआयएस-०१६, बस आणि मालवाहू गाड्यांसाठी एआयएस-०२३. बसबॉडीसाठी एआयएस-०५२, आणि स्लीपर बससाठी वेगळं एआयएस-११९, ज्यात बर्थची मापं, मधली वाट आणि संकटकाळी बाहेर पडायचे मार्ग येतात.

आणि सीट जळते. रेक्झीनखाली फोम असतो. आयएस १५०६१ या भारतीय मानकानुसार गाडीच्या आतल्या साहित्यावर ज्योत मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. म्हणजे एक मीटर जळायला किमान दहा मिनिटं. ही दहा मिनिटं माणसाला बाहेर पडायला दिलेली आहेत. बाजारात मीटरवर मिळणारा स्वस्त फोम आणि पडद्याचं कापड असा काही हिशेब पाळत नाही.

आपला कायदा संसदेत येत होता त्याच १९८८ सालची गोष्ट. १४ मे रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कॅरोलटनजवळ एका चर्चच्या बसला दारू प्यायलेल्या माणसाची पिकअप समोरून धडकली. बस जुनी, शाळेच्या वापरातून निघालेली. शाळेच्या बससाठीची नवी सुरक्षा मानकं एप्रिल १९७७ मध्ये लागू झाली होती, आणि या बसची चासी त्याच्या काही दिवस आधी बनलेली. धडकेने पुढचं दार अडलं, पेट्रोलची टाकी फुटली, सीटांच्या फोमने पेट घेतला. मागच्या एकमेव दाराकडे सगळे एकदम धावले. २७ जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. धडकेच्या माराने त्यांतलं कुणीच गेलं नव्हतं, आग आणि धुराने गेले. त्यानंतर केंटकीने शाळेच्या बसमध्ये बाहेर पडायचे जास्त मार्ग, इंधनटाकीभोवती पिंजरा आणि आगीला दाद न देणाऱ्या सीटा सक्तीच्या केल्या.

अडलेलं दार, फुटलेली टाकी, आत भरलेला धूर. ३५ वर्षांनी आमच्या जिल्ह्यात तेच.

चार बोल्टचं काम

हे सगळं फक्त बसला लागू आहे असं नाही. गेल्या वर्षी काकांनी एक जुनी पाच आसनी व्हॅन घ्यायचं ठरवलं. घरात माणसं सात. विकणारा म्हणाला, मागे एक बाक टाकून देतो, चार बोल्टचं काम, अर्ध्या तासात होईल. काकांनी मला फोन केला, “अरे, बघून सांग बरं, तुला कळतं त्यातलं.”

मी गाडीखाली वाकून पाहिलं. बाक जिथे येणार तिथे खाली साधा पत्रा होता. पट्ट्याच्या पकडीसाठी भोकं नव्हती, कारण कारखान्याने तिथे माणूस बसेल असं कधी धरलंच नव्हतं. त्याच गाडीचं सात आसनी मॉडेल निघतं तेव्हा त्याची फरशी आणि पट्टे त्या हिशेबाने येतात. काकांना सांगितलं, सात माणसं आहेत तर सात आसनी पासिंगचीच गाडी बघा. ते चार महिने थांबले आणि तशीच घेतली. थोडी जास्त जुनी, थोडी महाग.

कारच्या बाबतीत कायद्याचं सार एवढंच. फाटलेल्या सीटच्या जागी त्याच मॉडेलची, कंपनीच्या मापाची सीट तशीच्या तशी बसवली तर गाडी मूळ आराखड्याशी जुळलेली राहते. आसनांची संख्या, तोंड कुठे आहे ती दिशा किंवा पकड बदलली, की तुम्ही कलम ५२ मध्ये आलात. मंजुरी हवी, आरसीत नोंद हवी, आणि विमा कंपनीलाही कळवायला हवं. नव्या गाड्यांत आणखी एक गुंता आहे. बाजूची एअरबॅग बऱ्याचदा सीटच्या पाठीतच असते आणि सीटखालून तिच्या वायरी जातात. अशी सीट काढून दुसरी टाकली, किंवा तिच्या शिवणीवर जाड कव्हर चढवलं, की एअरबॅग कागदावर राहते.

झोपेचा बाजार

पण सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त धोका बसमध्येच आहे. बसून जायच्या तिकिटापेक्षा झोपून जायचं तिकीट महाग. त्यामुळे जुन्या आसनी बसच्या सीटा काढून बर्थ टाकण्याचा मोह मोठा. बर्थ आले की वजन वर सरकतं, कारण आता माणसं दुसऱ्या मजल्यावर झोपलेली असतात. मधली वाट अरुंद होते. सीटच्या मापाने ठेवलेली संकटकाळची खिडकी बर्थच्या आड जाते. पडदे, गाद्या, चार्जिंगच्या वायरी वाढतात. आणि माणसं झोपेत असतात.

८ ऑक्टोबर २०२२ ला यवतमाळहून मुंबईला जाणारी स्लीपर नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेरजवळ एक बस जळाली, वीसहून जास्त गेले. दहाच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, हैदराबादहून बेंगळुरूला जाणारी बस कर्नूलजवळ जळाली, १९ प्रवासी गेले. कर्नूलच्या बसची नोंद आसनी आणि आतली रचना स्लीपर, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. ज्या रकान्याची गोष्ट मी सांगतो आहे, तो तिथे देशासमोर आला.

तपासणी होत नाही असं नाही. प्रवासी वाहनाला फिटनेस लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पण तपासणी एका दिवसाची आणि धंदा ३६४ दिवसांचा. काळी-पिवळीची फळी तपासणीच्या दिवशी घरी राहायची, तसं बसच्या बाबतीतही होऊ शकतं.

आणि रकाना फक्त जिवाशी जोडलेला नाही, मागे राहणाऱ्यांच्या पोटाशीही आहे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध अंजना श्याम हे प्रकरण आलं. हिमाचलमधली ४२ प्रवाशांची बस, आत त्याच्या दुपटीहून जास्त माणसं, गाडी दरीत. न्यायालय म्हणालं, विमा ४२ जणांचा आहे, तेव्हा विमा कंपनीची जबाबदारी ४२ भरपायांपुरती. ते पैसे सगळ्या कुटुंबांत प्रमाणात वाटा, उरलेले बसमालकाकडून वसूल करा. दरीत गेलेल्या बसच्या मालकाकडून वसुली म्हणजे काय, हे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला विचारा.

तीन आकडे

आजच्या आरसीत बसणारे, उभे आणि झोपणारे असे तीन वेगवेगळे आकडे असतात. ती माहिती सरकारच्या वाहन प्रणालीत असते. दुसरीकडे आपल्या फोनमधल्या तिकिटाच्या ॲपमध्ये बसचा नकाशा असतो, खालचे बर्थ, वरचे बर्थ, गुलाबी चौकोन बायकांसाठी राखीव. दोन्हीकडे एकाच गाडीची आसनसंख्या. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहणं हे माझ्या धंद्यातलं फार अवघड काम नाही. गाडीचा नंबर टाकला, नोंदीत झोपणारे शून्य आले, तर ॲपने तिकीट विकू नये. असं सक्तीचं केलं तर रात्री दीड वाजता रस्त्यावर अधिकारी उभा करायची गरज बऱ्याच अंशी कमी होईल.

तोवर आपल्या हातात थोडंच आहे. बसचा नंबर कळला की एमपरिवहनवर फिटनेसची तारीख पाहता येते. चढल्यावर संकटकाळचं दार कुठे आहे, त्याच्यापुढे गादी किंवा सामान तर नाही, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, हे पाहायला एक मिनिट लागतं. सोबतच्या म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ द्या. काही गैर दिसलं तर क्लीनरशी भांडण्याऐवजी फोटो काढून आरटीओकडे तक्रार करा, कारण कलम १८२-अ मधला दंड क्लीनरला नाही, मालकाला आहे.

एसटीत आत चालकाच्या मागे बसणाऱ्या आणि उभ्या प्रवाशांची संख्या रंगवलेली असते. शाळेत असताना आम्ही ती वाचून डोकी मोजायचो, आणि जास्त निघाली की हसायचो. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्येही ते तीन आकडे दारातच, मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलेले असावेत, एवढी तरी मागणी आपण करायला हवी. चढणाऱ्याने मोजावं, आणि जुळलं नाही तर खाली उतरावं.